खटला कझानवर, मोकळे सुटले मालक

गेल्या महिन्यात आमच्या फिल्म क्लबात 'ऑन द वॉटरफ्रंट' दाखवला. दिवे लागले, आणि चहा यायच्या आत दोन तट पडलेले होते. एका तटाचं म्हणणं असं की दिग्दर्शक एलिया कझानने १९५२ साली कम्युनिस्टांना हुडकणाऱ्या अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे आपल्या आठ जुन्या सोबत्यांची नावं सांगितली आणि दोनच वर्षांनी साक्ष देणाऱ्याला नायक करणारा हा चित्रपट काढला. तेव्हा हे सगळं चुगलखोराने स्वतःच लिहून घेतलेलं वकीलपत्र आहे. दुसऱ्या तटाचं म्हणणं नेहमीचंच: माणूस वेगळा, कला वेगळी, नायक झालेल्या ब्रँडोचा अभिनय बघा आणि गप्प बसा. तासभर हमरीतुमरी झाली. चित्रपट गोदी कामगारांवरचा, पण त्या तासाभरात 'गोदी' हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही.

जगभर हा वाद असाच होत आलाय. २१ मार्च १९९९ ला कझानला मानद ऑस्कर दिलं तेव्हा सभागृहात काही जण उभे राहिले, काही जण हाताची घडी घालून बसून राहिले, आणि कोण उठलं, कोण बसलं याचा हिशेब लोक अजून मांडताहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. कझानने केलं ते वाईट होतं, आणि तरीही त्याचा नायक टेरी मॅलॉय त्या पापात सामील नाही, कारण टेरीने जे केलं ते कझानने कधी केलंच नाही. चित्रपटाचा खरा दोष भलतीकडेच आहे. गोदीवर रोगाचं मूळ काय होतं, आणि ते कुणी, कसं उपटलं, हे तो धडपणे सांगत नाही. कझानच्या नावाने भांडता भांडता दोन्ही तटांनी हा दोष सत्तर वर्षं झाकून ठेवलाय.

आधी कझानविरोधकांची बाजू, कारण ती लेचीपेची नाही. शेवटाकडे टेरी गोदीच्या कडेला उभा राहून, मी केलं ते केलं आणि त्याचा मला आनंद आहे, असं ओरडतो. तो आवाज माझाच होता, असं कझानने १९८८ च्या आत्मचरित्रात उघड कबूल केलं. पटकथा लिहिणाऱ्या बड शुलबर्गने १९५१ मध्येच त्याच समितीपुढे नावं दिली होती. आणि कामगारांना तोंड उघडू न देणारा युनियनचा दादा जॉनी फ्रेंडली ज्याने उभा केला, त्या ली जे. कॉबने बरेच दिवस टाळाटाळ करून १९५३ मध्ये समितीपुढे तोंड उघडलं होतं. एवढे योगायोग एका चित्रपटात जमत नसतात. त्याआधीची हकीकत तर आणखी बोलकी आहे. ब्रुकलिनच्या गोदीवरची पटकथा आधी नाटककार आर्थर मिलरने लिहिली होती, 'द हुक' नावाची, आणि कझानच ती करणार होता. कोलंबिया या चित्रपट कंपनीच्या हॅरी कोनने अट घातली की यातले गुंड काढा आणि त्यांच्या जागी कम्युनिस्ट घाला. ब्रुकलिनच्या धक्क्यावर राज्य गुंडांचं होतं. कम्युनिस्ट तिथे मार खाणाऱ्यांत होते. मिलरने १९५१ मध्ये पटकथा परत घेतली. तेव्हा या चित्रपटाच्या पायात राजकारण नाही, असं म्हणणाऱ्याने पाया पाहिलेलाच नाही.

कझानच्या बाजूनेही एक गोष्ट मान्य करायला हवी. तिशीच्या दशकात तो साधारण दीड वर्ष कम्युनिस्ट पक्षात होता. नाटक मंडळी पक्षाच्या मुठीत यावी म्हणून त्याच्यावर दबाव आला, सोबत्यांसमोर त्याची झाडाझडती झाली, आणि तो बाहेर पडला. हा राग खोटा नव्हता. १९५२ मध्ये स्टालिन जिवंत होता आणि त्याच्या तुरुंगांबद्दल बोलायला डाव्यांची जीभ रेटत नव्हती, हेही खरंच. पण राग खरा असला म्हणजे त्यातून केलेली प्रत्येक गोष्ट न्याय्य ठरते का?

इथे मराठी माणसाच्या मनात आधीच एक गाठ असते. रँडच्या वधानंतर बक्षिसासाठी चाफेकरांची माहिती पोलिसांना देणाऱ्या द्रविड बंधूंचं नाव आपण आजही थुंकीबरोबर घेतो. १८९९ मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या याचं कुणाला वाईट वाटत नाही. त्यामुळे नावं सांगणारा तो नीच, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. पण त्याच पुण्यात शस्त्रांचं दुकान चालवणारा दिगंबर बडगे १९४८ मध्ये गांधीहत्येच्या खटल्यात माफीचा साक्षीदार झाला. स्वतःची मान सोडवण्यासाठीच झाला, काही थोर हेतू नव्हता. तरी बडगेने तोंड मिटून बसायला हवं होतं, असं गांधींच्या खुनाची चीड असलेला कुणी म्हणेल का? दोघांनीही सोबतच्यांची नावंच सांगितली. फरक पडतो तो कशाबद्दल सांगितलं, कुणाविरुद्ध सांगितलं आणि त्याची किंमत कुणी मोजली, यावर.

या तिन्ही कसोट्यांवर टेरीला आणि कझानला घासून बघू. टेरी सांगतो तो खून आहे. ज्यांच्याविरुद्ध सांगतो त्यांच्या हातात पिस्तुलं आहेत, कामाचे बिल्ले आहेत, अख्खा धक्का आहे. किंमत तो स्वतः मोजतो: कबुतरं मरतात, काम जातं, शेवटी अंगावर शुद्ध जागा उरत नाही. कझानने सांगितलं ते कुणाच्या खुनाबद्दल नव्हतं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी अमुक माणूस अमुक बैठकीला यायचा, एवढंच. ज्यांच्याविरुद्ध सांगितलं ते नट-नाटककार, त्यातला जे. एडवर्ड ब्रोमबर्ग तर आधीच वारलेला. समितीला नावं ठाऊकच होती. तिला हवा होता तो कझानचा झुकलेला माथा. आणि किंमत मोजली ती दुसऱ्यांनी. साक्षीनंतर दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये जाहिरात देऊन कझानने आपलं समर्थन छापलं. टेरीने जाहिरात दिली नाही.

चौथी कसोटी मला सगळ्यात मोठी वाटते, आणि ती चित्रपटातच आहे. जॉनी फ्रेंडलीविरुद्ध तोंड उघडायला निघालेल्या जोई डॉइलला गच्चीवर बोलावून घेणारा टेरीच. हरवलेलं कबुतर सापडलं अशी थाप मारून त्याने त्याला वर धाडलं, आणि तिथून जोई खाली पडला. गुन्हे आयोगासमोर साक्षीला जायच्या कितीतरी आधी टेरी हे जोईच्या बहिणीला, ईडीला सांगतो. नदीकाठ, मागे हडसन, आणि ऐन कबुलीच्या वेळी जहाजाचा भोंगा वाजतो. शब्द ऐकू येत नाहीत. दिसतो तो त्याचा हलणारा चेहरा आणि कानांवर हात घेणारी ईडी. माझ्या मते चित्रपटातली खरी साक्ष ती आहे. नंतरचा आयोगाचा प्रसंग त्यामानाने सरकारी कागद वाटतो. टेरी दुसऱ्याचं नाव घेण्याआधी स्वतःचं घेतो, आणि तेही जिचं नुकसान केलं तिच्यासमोर. कझानच्या जबानीत असा भोंगा कुठे वाजला? समितीपुढे 'मी चुकलो' म्हणणं त्याला स्वस्तात पडलं, कारण तिला तेच ऐकायचं होतं. त्याने नायकाच्या तोंडी आपला आवाज घातला खरा, पण नायकाच्या अंगावर घातलेला गुन्हा त्याने स्वतःवर कधी घेतला नाही. त्यामुळे टेरी त्याच्या हातून निसटला आणि मोठा झाला. असं होतं कधी कधी. वकीलपत्र लिहायला बसावं आणि अशिलाविरुद्धचाच पुरावा कागदावर उतरावा.

इथवर पहिल्या तटाशी भांडण. आता गोदीवर येऊ.

सकाळ. धक्क्याच्या दारापाशी दीड-दोनशे माणसं अर्धवर्तुळ करून उभी. समोर मुकादम. तो बोट दाखवेल त्याला बिल्ला, बिल्ला मिळेल त्याला त्या दिवसाचं काम, उरलेल्यांनी घरी जावं. चित्रपटात मुकादम कंटाळून बिल्ले जमिनीवर भिरकावतो आणि म्हातारी माणसं कोंबड्यांसारखी तुटून पडतात. हडसनपलीकडच्या होबोकेनमध्ये १९५३-५४ च्या हिवाळ्यात हे चित्रित झालं, तिथलेच खरे गोदी कामगार घेऊन. तोंडातून निघणारी वाफ खरी आहे. हा प्रकार न्यूयॉर्क बंदरात रोज चालायचा. काही धक्क्यांवर कानामागे दातकोरणं खोचून उभं राहायचं. त्याचा अर्थ, आजच्या मजुरीतला हिस्सा तुम्हाला परत देतो, मला घ्या. ज्याच्याकडे द्यायला पैसा नाही त्याने सावकाराकडून काढावा, आणि सावकारही त्याच टोळीचा.

ही रीत कुणाच्या सोयीची होती? चित्रपट उत्तर देतो: जॉनी फ्रेंडलीच्या. अर्धं उत्तर. मुळात ही मालकांची सोय. जहाज आलं की शंभर माणसं हवीत, गेलं की एकही नको. तेव्हा दोनशे उपाशी माणसं रोज दारात उभी असणं हे जहाज कंपन्यांना फुकटचं वरदान होतं. त्या दोनशेंना धाकात ठेवायला कुणीतरी लागतं, म्हणून गुंड. १९२७ पासून युनियनचा अध्यक्ष असलेला जो रायन या रीतीचा जाहीर कैवारी होता, आणि माल हाताळणाऱ्या कंपन्या युनियनच्या पुढाऱ्यांना पैसे चारत होत्या, हे १९५२-५३ च्या राज्य गुन्हे आयोगापुढे शपथेवर बाहेर आलं. रायनवर मालकांकडून पैसे घेतल्याबद्दल खटला झाला, आणि ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घेणारा होता म्हणजे देणाराही होताच ना? चित्रपटात तो देणारा किती दिसतो? एका ऐसपैस खोलीत कुणी बडा माणूस टीव्हीवर आयोगाची सुनावणी बघतोय. आपल्याला दिसतं ते त्याचं डोकं, मागून. जॉनीचा फोन आला तर मी नाही म्हणून सांग, असं तो नोकराला सांगतो. संपला मालकवर्ग! सगळ्या चित्रपटात त्याला तोंड नाही, फक्त मान आहे.

यावर कुणी म्हणेल, गुंड काय काल्पनिक होते? मुळीच नाही. पत्रकार माल्कम जॉन्सनने १९४८ मध्ये न्यूयॉर्क सनमध्ये चोवीस लेख लिहून हे सगळं चव्हाट्यावर आणलं, त्याला पुलित्झर मिळालं, आणि चित्रपट त्याच लेखांतून निघाला. फादर बॅरी हा जेझुइट धर्मगुरू जॉन कॉरिडनवरून बेतलेला, आणि कॉरिडन धक्क्यावरच्या माणसांना खरोखरच उभं करत होता. अँडी हिंट्झ नावाचा मुकादम कुणाला हप्ता देईना. जानेवारी १९४७ मध्ये त्याला घराच्या जिन्यातच गोळ्या घातल्या. 'हाताची घडी, तोंडावर बोट' हा धक्क्याचा नियम, पण तीन आठवडे मरणाशी झुंजताना त्याने मारेकऱ्याचं नाव सांगितलं, आणि त्या जबानीवर जॉनी डन आणि त्याचा साथीदार १९४९ मध्ये विजेच्या खुर्चीत गेले. म्हणजे एकट्या माणसाच्या साक्षीने काही होत नाही, हे मी म्हणू शकत नाही. आयोगापुढच्या साक्षींमुळेच १९५३ मध्ये वॉटरफ्रंट कमिशन स्थापन झालं आणि १ डिसेंबर १९५३ पासून ती सकाळची भरती कायद्याने बंद झाली. गंमत बघा, होबोकेनमध्ये कॅमेरा ती रीत टिपत होता त्याच हिवाळ्यात ती कागदावर संपली होती.

मग माझी तक्रार काय? चित्रपट असं भासवतो की टेरी उठेपर्यंत गोदीवर सगळे मुके होते. हे धादांत खोटं आहे. १९३९ मध्ये ब्रुकलिनच्या पीट पँटो नावाच्या तरुण कामगाराने हजारावर माणसं सभेला जमवून रायनला आव्हान दिलं. जुलैत तो नाहीसा झाला. 'पँटो कुठे आहे?' असं इटालियनमध्ये धक्क्याच्या भिंतीभिंतीवर लिहिलेलं दिसू लागलं. मिलरच्या पटकथेचं बीज ते. दीड वर्षाने न्यू जर्सीत चुन्यात पुरलेलं त्याचं प्रेत सापडलं. आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये रायनने मालकांशी केलेला करार झुगारून न्यूयॉर्कच्या कामगारांनी स्वतःच्याच युनियनविरुद्ध पंचवीस दिवस बंदर बंद पाडलं. पंचवीस दिवस! ही मुक्यांची लक्षणं आहेत का? कझान-शुलबर्गला हे ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, शुलबर्ग तर वर्ष-दोन वर्षं त्याच धक्क्यांवर, त्याच गुत्त्यांत फिरत होता.

त्याहून मोठा पुरावा अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतही अशीच सकाळची भरती होती, असाच हप्ता होता. १९३४ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या कामगारांनी त्र्याऐंशी दिवसांचा संप केला. ५ जुलैला पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. संपातून काय मिळालं? भरतीची कचेरी. तिथे कुणाला पाठवायचं हे ठरवणारा माणूस कामगारांनी निवडलेला, आणि पुढे नियमही त्यांनीच घातला: ज्याचे तास सगळ्यात कमी भरलेत त्याचा नंबर आधी. इतका साधा नियम. दातकोरण्याचं कामच उरलं नाही, कारण मुकादमाच्या बोटात जीवच राहिला नाही. न्यूयॉर्कच्या वीस वर्षं आधी हे झालं, आणि त्यासाठी कुणा एकाला सुळावर चढावं लागलं नाही. या कामगारांचा पुढारी हॅरी ब्रिजेस. तो डाव्या विचारांचा म्हणून अमेरिकन सरकारने त्याला देशाबाहेर घालवायला जंग जंग पछाडलं. १९४५ आणि १९५३ असं दोनदा सर्वोच्च न्यायालयाने त्याला वाचवलं. मॉस्कोची हवा फिरली की ब्रिजेसचीही मतं फिरायची, त्याला मी संत म्हणत नाही. पण हिशेब मांडा: १९५० मध्ये एका महासंघाने त्याची युनियन कम्युनिस्ट म्हणून हाकलली, १९५३ मध्ये दुसऱ्या महासंघाने रायनची युनियन गुंडांची म्हणून हाकलली. १९५४ मध्ये अमेरिकेतली हप्ताविरहित गोदी कोणाची होती? ज्यांची नावं कझानची समिती मागत होती, त्यांच्या सोबत्यांची. आता कोन साहेबांची अट पुन्हा आठवा.

आणखी एक बोचरी गोष्ट. मे १९५४ मध्ये, चित्रपट लागायच्या दोन महिने आधी, न्यूयॉर्कच्या खऱ्या गोदी कामगारांनी मतदान केलं: जुनी बदनाम युनियन हवी की नवी स्वच्छ? थोडक्या मतांच्या फरकाने का होईना, जुनी जिंकली. हे सगळे जॉनी फ्रेंडलीचे भाट होते का? मला वाटतं, त्यांना दिसलं की भरतीची चावी मुकादमाच्या खिशातून निघून सरकारी कमिशनच्या टेबलावर गेली, आपल्या हातात आलीच नाही. जुनी तुरुंगवारी असली की कामाचा परवाना नाकारायचा अधिकार त्या कमिशनला होता. वरून आलेली शुद्धता खालच्या माणसाला बहुधा अशीच दिसते.

हे सगळं आपल्याला दूरचं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या गोदीतही टोळीवाले माणसं पुरवायचे. त्या रोजंदारीला वेसण घातली ती १९४८ च्या गोदी कामगार कायद्याने आणि पी. डिमेलोंसारख्यांनी बांधलेल्या युनियनने. पुढे १९६९ चा माथाडी कायदा त्याच वाटेवरचा. नोंदणी, मंडळ, मालकाकडून लेव्ही: मुकादमाचं बोट निकामी करायची ती यंत्रणा. आज माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, हे कुणी नाकारत नाही. पण त्यावरून 'युनियन म्हणजेच खंडणी' असा निष्कर्ष काढणारे लेख रोज वाचतो तेव्हा मला तो मागून दिसणारा बडा माणूस आठवतो. 'गुलाम' या १९९८ च्या हिंदी चित्रपटात ही कथा मुंबईत आली, तेव्हा गोदी गेली, युनियन गेली, उरला गल्लीतला दादा आणि त्याला बडवणारा आमिर खान. सार म्हणून उरलं ते एवढंच, आणि त्याबद्दल विक्रम भटला दोष देववत नाही. मूळ चित्रपटानेच वाट तशी आखून ठेवली होती.

ती वाट शेवटच्या पाच मिनिटांत स्पष्ट दिसते. ब्रिटिश समीक्षक लिंडसे अँडरसनने १९५५ मध्येच या शेवटाला फॅसिस्ट वळणाचा म्हटलं होतं. शब्द मला जड वाटतो, पण बोट त्याने बरोबर ठेवलं होतं. शुलबर्गलाही तो शेवट गिळला नसावा, कारण १९५५ च्या त्याच्या कादंबरीत टेरी मरतो, आणि प्रेत चुन्याच्या पिंपात मिळतं, पँटोची आठवण यावी असं. कझानने मात्र त्याला चालवलं. मार खाऊन रक्ताने माखलेला टेरी उठतो, झोकांड्या खात वखारीच्या दाराकडे निघतो. कामगार बाजूला होतात, मग त्याच्यामागून निघतात. सभा नाही, मत नाही, भरतीचा नियम काय असेल याची चकार चर्चा नाही. दारात टोपी-कोट घातलेला मालकाचा माणूस उभा आहे. टेरी त्याच्यासमोर येऊन थांबतो. तो माणूस त्याच्याकडे बघतो आणि सगळ्यांना म्हणतो, चला, कामाला लागा. बर्नस्टाइनचं संगीत चढत जातं. कामगार आत शिरतात, जॉनी फ्रेंडली बाहेर बोंबलत राहतो, फादर बॅरी आणि ईडी हसत बाहेरच थांबतात. त्यांच्यासोबत आपणही बाहेर. मग ते अवजड दार खाली येतं, आणि उद्या सकाळी बिल्ला कोण वाटणार हे आत गेलेल्यांनाच ठाऊक.